‘माफी’वर सही कुणाची?

‘अमेरिकेत रिपब्लिकन स्थलांतरितांच्या मुळावर, डेमोक्रॅट त्यांचे कैवारी’ हे समीकरण आपल्याकडे वर्षानुवर्षं फिरतंय. प्रकरण इतकं सरळ नाही. बेकायदा राहणाऱ्यांना कायदेशीर करणाऱ्या, म्हणजे ‘माफी’ देणाऱ्या १९८६ च्या कायद्यावर सही केली ती रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी! सुमारे २७ लाख लोकांना कागद मिळाले. मुख्य अट एकच: १ जानेवारी १९८२ च्या आधीपासून तिथं राहत असल्याचा पुरावा. म्हणजे जपून ठेवलेल्या भाडेपावत्या, पगाराच्या चिठ्ठ्या. शेतमजुरांचे नियम वेगळे.

२००७ मध्ये रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या पाठिंब्याचं असंच विधेयक सिनेटमध्ये अडलं. विरोधात डेमोक्रॅटांच्या गोटातले बर्नी सँडर्सही होते, मजुरी घसरेल म्हणून. २०१३ चं तसंच विधेयक सिनेटमध्ये ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर झालं. बाजूने १४ रिपब्लिकन! प्रतिनिधिगृहात मात्र त्यांच्याच पक्षाच्या सभापतींनी ते मतदानाला आणलंच नाही.