आर्क्टिक टर्न नागपुरात काहून दिसत नाही: आमच्या ग्राहकांसाठी थोडं

अंबाझरी-गोरेवाडा तलावांवरचा आमचा पक्षी बघायचा वॉक झाला की रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येतो, "भाऊ, हा आर्क्टिक टर्न आहे ना?" हिवाळाभर हेच चालतं, म्हणून एकदाच नीट लिहून देतो.

आर्क्टिक टर्न म्हणजे पाण्यावर उडून मासे पकडणारा पांढरट समुद्रपक्षी, आणि खरंच अफाट आहे. वजन शंभर-सव्वाशे ग्राम फक्त, आणि ग्रीनलँड-आइसलँडच्या पक्ष्यांना 1.4 ग्रामचे जिओलोकेटर (पक्षी कुठं-कुठं गेला ते नोंदवणारं छोटं यंत्र) लावून केलेला अभ्यास 2010 साली छापून आला, त्यात वर्षाचा प्रवास सरासरी 70,900 किमी निघाला! अंटार्क्टिकाकडे जाताना उत्तर अटलांटिकमध्ये तीन-साडेतीन आठवडे थांबून पोटभर खातात, मग पश्चिम आफ्रिकेसमोरच्या केप व्हर्दी बेटांच्या आसपास काही आफ्रिकेच्या कडेने आणि काही ब्राझीलच्या कडेने खाली उतरतात, अन् परतताना वारा धरून एस आकाराचा वळसा घेत साधारण 40 दिवसांत घरी. आपल्या तलावांचा सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तेव्हा हा अंटार्क्टिकाच्या बर्फाजवळ मासे आणि क्रिल (झिंग्यासारखे बारीक जीव) खात असतो.

तुम्हाला दिसतो तो बहुतेक नदी सुरय, म्हणजे रिव्हर टर्न. चोच पिवळी, हिवाळ्यात टोक काळपट. दुसरा व्हिस्कर्ड टर्न, हिवाळ्यात चोच काळी, पण परत जायच्या आधी एप्रिलकडे ती गडद लाल होते, आर्क्टिक टर्नचीही लालच असते, आणि तिथंच सगळे फसतात. त्याचं पोट बघा, काळपट राखाडी दिसेल.

आता खरी अडचण. तुम्ही भर उन्हात ऑटो मोडवर पांढरा पक्षी काढता, तो जळून नुसता पांढरा ठिपका होतो, चोच-पाय काहीच कळत नाही, मग तासभर फोनवर वाद. सूर्य पाठीशी ठेवा, एक्स्पोजर (फोटोचा उजेड) मायनस एक करा, पक्षी बाजूने घ्या आणि चोचीचा एक फोटो झूम करून पाठवा, दोन मिनिटांत सांगतो.

कोणी कितीही आग्रह केला तरी चोच दिसल्याशिवाय आम्ही वॉकच्या पक्ष्यांच्या लिस्टमध्ये नाव टाकत नाही, काहींना राग येतो पण चुकीची नोंद पुढं सगळ्यांनाच नडते. आणि मार्च ते मे नदीच्या वाळूवर, बेटांवर नेत नाही, सुरय तिथं उघड्यावर अंडी घालतो आणि तो आता जगभरात धोक्यातल्या यादीत आहे. त्या महिन्यांत काठावरूनच स्कोप (स्टँडवरची मोठी दुर्बीण) लावून दाखवतो, दिसतो मस्त.

8x42 दुर्बीण वॉकसाठी भाड्यानं मिळते, कॅमेऱ्याची सेटिंग आम्ही निघायच्या आधी करून देतो, फक्त पंधरा मिनिटं लवकर या.