पोपड्याची मागची बाजू

भिंतीवरून रंगाचा पोपडा निघाला की आपण तो उचलून केरात टाकतो. टाकण्याआधी तो एकदा उलटा करून बघा. मागची बाजू स्वच्छ आणि गुळगुळीत असेल, तर रंगाने खालच्या थराला कधी धरलेलंच नव्हतं. मागे पांढरी भुकटी चिकटली असेल, तर रंगाची पकड घट्ट होती, पण त्याने ज्याला धरलं ती पुट्टी किंवा जुना चुनाच आतून सुटला. प्लॅस्टरची वाळू घेऊन पोपडा आला असेल, तर दुखणं आणखी खोल आहे, बहुतेक वेळा ओलीचं. घरातल्या रंगकामाचं निम्मं विज्ञान या नखाएवढ्या तुकड्यात वाचता येतं. रंग निवडताना आपण छटांच्या पुस्तकात तासन्‌तास रमतो आणि भिंतीकडे मात्र कुणी नीट बघत नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते.

चिकटणं म्हणजे नेमकं काय होतं? रंगाचे रेणू आणि भिंतीचे रेणू एकमेकांना ओढतात, पण ही ओढ अगदी जवळून, मिलिमीटरच्या काही लाखाव्या भागाइतक्या अंतरावरूनच चालते. मध्ये धुळीचा थर असला की रंग धुळीला चिकटतो, आणि धूळ कशालाच चिकटलेली नसते. कोरडा तळवा भिंतीवर घासून पाहा. हाताला पांढरं लागलं, तर ती भिंत अजून रंगासाठी तयार नाही. स्विचच्या आजूबाजूला, जिथे रोज हात लागतात, तिथे पाण्याचा थेंब सोडून बघा. स्वच्छ भागावर तो पसरतो, तेलकट भागावर गोल मण्यासारखा उभा राहतो. पाण्यात कालवलेला रंगही तिथे असाच अंग चोरतो. म्हणून आधी साबणाच्या पाण्याने पुसायचं, मग स्वच्छ पाण्याने, आणि पूर्ण वाळू द्यायचं. जुना ऑइलपेंट चकचकीत असेल तर पॉलिशपेपरने त्याची चमक मोडावी लागते. बारीक ओरखड्यांमुळे धरायला जागा वाढते.

आता ओल. प्लॅस्टर आणि विटांमध्ये केसाहून बारीक नळ्यांचं जाळं असतं. त्यातून पाणी वर चढतं आणि येताना विरघळलेले क्षार सोबत आणतं. पृष्ठभागाशी पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि त्यांचे स्फटिक होतात. यालाच आपण लोणा म्हणतो. स्फटिक रंगाच्या मागे वाढू लागला की प्लॅस्टरची कड फोडण्याइतका दाब देतो. एकदा मी अशाच एका डागावर घाईघाईने पुट्टी ओढून रंग दिला होता. काही महिन्यांत डाग आपल्या जुन्या जागी परत आला, आणि या वेळी पुट्टीसकट फुगून आला. ओलीवर रंग हा उपाय होऊ शकत नाही. पाणी कुठून येतं ते आधी शोधायचं. सोपी चाचणी म्हणजे हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर बंद करून एक दिवस ठेवायचा. आतल्या बाजूला दव दिसलं, तर पाणी भिंतीतून येतंय. दव बाहेरच्या बाजूला असेल, तर ते खोलीतल्या दमट हवेचं.

नवं सिमेंटचं प्लॅस्टर वेगळाच त्रास देतं. ते तीव्र अल्कधर्मी असतं, पीएच 12 च्याही वर. तेलावर आधारलेला रंग त्यावर थेट दिला, तर तेल आणि अल्कली मिळून चक्क साबण तयार होतो. साबण बनवण्याच्या कारखान्यात जी अभिक्रिया मुद्दाम घडवतात, तीच भिंतीवर नकळत घडते, आणि रंग मऊ, चिकट होऊन सुटतो. म्हणून नव्या प्लॅस्टरला सुमारे 28 दिवस द्यावेत आणि अल्कली सोसणारा प्रायमर, म्हणजे रंगाच्या आधीचा अस्तराचा हात, लावावा.

प्रायमर म्हणजे पैसे वाया, असं अनेकांना वाटतं. तो कशासाठी, हे कळायला इमल्शन रंग वाळतो कसा ते बघावं लागेल. या रंगात पाणी असतं आणि त्यात प्लास्टिकसारख्या पदार्थाचे असंख्य गोळे तरंगत असतात, मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाच्या आसपासचे. पाणी उडू लागतं तसे गोळे एकमेकांजवळ येतात. त्यांच्या फटींमध्ये उरलेलं पाणी त्यांना आवळत जातं. गोळे दबतात, चपटे होतात आणि शेवटी एकमेकांत मिसळून त्यांचा अखंड पापुद्रा बनतो. एकदा मिसळलेले गोळे पुन्हा सुटे होत नाहीत, म्हणून वाळलेला ब्रश कितीही धुतला तरी पाण्याने साफ होत नाही. या सगळ्याला थोडा वेळ लागतो. कोरी पुट्टी पाणी घटाघटा शोषून घेते आणि गोळ्यांना एकत्र यायला सवडच मिळत नाही. मग पापुद्रा कच्चा राहतो, रंग कुठे गडद, कुठे फिका दिसतो. प्रायमर ती तहान भागवतो आणि सुटी भुकटी बांधून ठेवतो. कडाक्याच्या थंडीतही काम बिघडतं, कारण गोळे कडकच राहतात आणि मिसळत नाहीत.

ऑइलपेंटची वाट निराळी. त्यातलं थिनर उडतं, पण तेल उडत नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि त्यात उष्णता निघते. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली, तर ही उष्णता आत कोंडून ती आपोआप पेटू शकतात. अशी फडकी मोकळ्या हवेत सपाट पसरून वाळवावीत.

पांढरा रंग खालचं सगळं झाकतो, त्याचं श्रेय टायटॅनियम डायऑक्साइडला. प्रकाश एका पदार्थातून दुसऱ्यात जाताना वळतो. पदार्थ प्रकाशाला किती वळवतो ते सांगणारा अंक म्हणजे अपवर्तनांक. दोन्हींच्या अपवर्तनांकात जितका फरक, तितका तो जास्त विखुरतो. रंगातल्या चिकट पदार्थाचा अंक सुमारे 1.5, खडूच्या भुकटीचा 1.6, आणि टायटॅनियम डायऑक्साइडचा तब्बल 2.7. चुन्याचा ओला हात आधी पारदर्शक दिसतो आणि वाळल्यावर पांढराशुभ्र होतो, तोही याच कारणाने. कणांमधल्या पाण्याची जागा हवा घेते, हवेचा अंक 1, म्हणजे फरक वाढतो. ओला असताना ‘अजून एक हात हवा’ असं वाटलं, तर वाळेपर्यंत थांबा.

पूर्वी हे झाकण्याचं काम शिशाचा पांढरा रंग करायचा. तो विषारी आहे हे ओळखून 1921 मध्येच घराच्या आतल्या रंगकामात त्यावर निर्बंध घालणारा आंतरराष्ट्रीय करार झाला, तरी शिशाची इतर संयुगं रंगांत पुढेही वापरली गेली. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आली ती 1978 मध्ये. जुन्या घरातले थर म्हणूनच कोरडे घासू नयेत. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो, आणि ती धूळ जमिनीवर, म्हणजे त्यांच्याच उंचीवर बसते. तिथे आधी तपासणी करून घ्यावी, आणि शिसं निघालं तर खरवडण्याचं काम जाणकारांवर सोडावं.

शेवटचा हात देण्याआधी रात्री दिवे मालवून टॉर्च भिंतीला लावून आडवा धरा. दिवसा सपाट वाटणाऱ्या भिंतीवर पुट्टीच्या प्रत्येक फटकाऱ्याची सावली पडते. चकचकीत रंग हे उंचवटे आणखी दाखवतो, मॅट रंग प्रकाश सगळीकडे विखुरून ते लपवतो.

रंग हाताला तासाभरात वाळलेला लागतो, पण आतले गोळे पूर्ण मिसळायला दोन ते चार आठवडे जातात. तोवर भिंत धुऊ नये आणि कपाट चार बोटं पुढे ठेवावं. आधीच टेकवलं, तर पुढच्या वेळी ते सरकवताना मागे पोपडा येईल, आणि त्याची मागची बाजू गुळगुळीत नसेल.