स्लाव्हिक भाषांतील विभक्त्यर्थ

रशियन, पोलिश, चेक, युक्रेनियन, सर्बियन इत्यादी स्लाव्हिक भाषांत नामाची प्रत्येक विभक्ती कोणकोणते अर्थ दाखवते, ते अर्थ एकमेकांना कसे जोडलेले असतात आणि एका भाषेतील विभक्तीचे क्षेत्र दुसऱ्या भाषेतील विभक्तीशी कुठवर जुळते, याचा अभ्यास. मराठी व्याकरणात ज्याला कारकार्थ (नामाचे क्रियापदाशी नाते) आणि उपपदार्थ (नामाचे इतर शब्दांशी नाते) म्हणतात, ते दोन्ही त्यात येतात. या नोंदीतील स्लाव्हिक उदाहरणे साधारणपणे मूळ लेखनाला धरून देवनागरीत दिली आहेत. उच्चार काही ठिकाणी वेगळा असतो.

आद्य स्लाव्हिक भाषेत सात विभक्त्या होत्या आणि एकवचन, द्विवचन, अनेकवचन अशी तीन वचने होती. संस्कृतची आठांची मांडणी डोळ्यांपुढे ठेवली तर यात एकच उणीव दिसते: स्वतंत्र पंचमी नाही. पोलिश, चेक, युक्रेनियन आणि सर्बियन-क्रोएशियन या भाषांनी सातही विभक्त्या टिकवल्या. रशियनमधले संबोधन मागे पडले. ‘बोझे’ (देवा!) आणि ‘गोस्पोदी’ (प्रभो!) ही त्याची जुनी रूपे मात्र तोंडी राहिली. त्यामुळे रशियन शाळेत आज सहाच विभक्त्या शिकवतात. स्लोव्हेनियनमध्येही सहाच आहेत, पण तिथे द्विवचन अजून वापरात आहे.

विभक्त्यांची नावे हा पहिला, कच्चा का होईना, नकाशाच असतो. चेक शाळेत मुले ‘पहिला पाद’, ‘दुसरा पाद’ (‘पाद’ म्हणजे विभक्ती) असे सातपर्यंत क्रमांक घोकतात. प्रथमा-द्वितीयेच्या तक्त्यावर वाढलेल्या मराठी माणसाला हे लगेच ओळखीचे वाटते. मात्र चेक क्रमात दुसरी विभक्ती म्हणजे आपली षष्ठी, तिसरी म्हणजे चतुर्थी आणि चौथी म्हणजे द्वितीया. पोलिश नावे कामावरून पडली आहेत: चतुर्थीला ‘त्सेलोव्निक’ (‘त्सेल’ म्हणजे लक्ष्य) आणि तृतीयेला ‘नाझेन्द्निक’ (अवजाराची ती). रशियन नावे ग्रीक नावांच्या धर्तीवर घडली. द्वितीयेचे ‘विनीतेल्नी’ हे नाव ‘विना’ म्हणजे दोष या शब्दावरून आले, आणि त्यामागे एक जुनी चूक आहे. ग्रीक नावाचा रोख ‘घडवून आणलेले’ या अर्थाकडे होता. लॅटिनमध्ये तो ‘आरोप’ या अर्थाने घेतला गेला आणि स्लाव्हिकमध्येही तसाच उतरला. बिचाऱ्या कर्मावर दोष ठेवणारे हे नाव आजही चालू आहे. रशियन मुले क्रम लक्षात ठेवतात तो एका वाक्याने: ‘इवान रोदील देव्चोन्कू, वेलेल ताश्चीत पेल्योन्कू’, म्हणजे इवानाला मुलगी झाली, त्याने लंगोट आणायला सांगितला. प्रत्येक शब्दाचे आद्याक्षर एकेका विभक्तीचे.

सर्वांत गुंतागुंतीचा प्रदेश षष्ठीचा आहे, आणि त्याचे कारण इतिहासात सापडते. स्लाव्हिकमधली पंचमी षष्ठीत विरून गेली. अ-कारान्त पुल्लिंगी नामांच्या बाबतीत तर षष्ठीचे जुने रूपच नाहीसे झाले आणि पंचमीचे रूप षष्ठी म्हणून उभे राहिले. रशियन ‘बोयीत्सा वोल्का’ म्हणजे ‘लांडग्याला भितो’. हे वाक्य संस्कृत ‘वृकात् बिभेति’शेजारी ठेवून पाहावे. ‘वोल्क’ आणि ‘वृक’ हे एकाच मूळ शब्दाचे वंशज, ‘बोयीत्सा’ आणि ‘बिभेति’ एकाच धातूचे, आणि ‘वोल्का’मधला ‘आ’ हा ‘वृकात्’मधल्या ‘आत्’चाच भाऊ. पाणिनीने ‘भीत्रार्थानां भयहेतुः’ या सूत्रात भीतीचे कारण अपादान (ज्यापासून दूर व्हायचे ते) मानले आणि अपादानाला पंचमी दिली. रशियन व्याकरण त्याच रूपाला षष्ठी म्हणते, इतकाच फरक. मराठीने ‘भिणे’ हा धातू राखला, पण त्याला ‘ला’ जोडला. तेव्हा या एका जागी रशियन संस्कृतच्या अधिक जवळ आहे.

तुलनेतही हेच दिसते. ‘स्तार्शे ब्राता’ म्हणजे ‘भावाहून मोठा’. मराठीने इथे ‘हून’ हा पंचमीचा प्रत्यय स्पष्ट ठेवला आहे, रशियन षष्ठीत तो अर्थ लपलेला आहे. ‘पासून’, ‘मधून’, ‘वरून’ हे अर्थ देणारी ‘ओत’, ‘इझ’, ‘स’ ही शब्दपूर्वी अव्यये षष्ठीच घेतात, तीही याच वारशामुळे.

षष्ठी एवढ्यावर थांबत नाही. संपूर्णातला अंश तिच्याकडे आहे: ‘विपिल चाय’ म्हणजे (समोरचा) चहा प्यायला, ‘विपिल चायू’ म्हणजे थोडा चहा प्यायला. अभाव तिच्याकडे आहे. पोलिशमध्ये ‘चितम क्शोंश्के’ (पुस्तक वाचतो) याचा नकार करताच द्वितीया सोडावी लागते आणि ‘न्ये चितम क्शोंश्की’ अशी षष्ठी येते. तिथे हा नियम पक्का आहे. रशियनमध्ये निवड असते आणि त्या निवडीने अर्थ बदलतो. ‘ओत्वेत न्ये प्रिश्योल’ म्हणजे ज्याची वाट पाहत होतो ते उत्तर आले नाही. ‘ओत्वेता न्ये प्रिश्लो’ म्हणजे उत्तर असे काही आलेच नाही. प्रथमेत उत्तर अस्तित्वात आहे, षष्ठीत त्याचे अस्तित्वच पुसले जाते. चेकमधून ही नकाराची षष्ठी जवळपास गेली आहे. आणि गंमत म्हणजे जिथून दूर जायचे तेही षष्ठीत आणि जे हवे असते तेही षष्ठीत: ‘झ्दात ओत्वेता’ (उत्तराची वाट पाहणे), ‘झेलात श्चास्त्या’ (सुख चिंतणे). उगम आणि ध्येय ही एकमेकांविरुद्ध टोके एकाच विभक्तीत कशी नांदतात?

या प्रश्नाला सर्वांत धाडसी उत्तर रोमान याकोबसन (१८९६–१९८२) यांनी दिले. तेव्हा चेकोस्लोव्हाकियात राहणाऱ्या या रशियन भाषाशास्त्रज्ञाचा विभक्तींवरचा निबंध १९३६ साली प्राग भाषाशास्त्र मंडळाच्या ग्रंथमालेत आला. त्यांचे म्हणणे असे की प्रत्येक विभक्तीला एकच समग्र अर्थ असतो आणि यादीतले सगळे उपयोग त्या अर्थाच्या संदर्भानुसार पडलेल्या छटा असतात. षष्ठीचा समग्र अर्थ मर्यादेचा: वस्तू त्या घटनेत पूर्ण सामील नाही, अंशतः आहे, कडेवर आहे किंवा मुळीच नाही. थोडा चहा, न आलेले उत्तर, अजून न मिळालेले सुख आणि मागे सोडलेले घर ही सगळी या व्याख्येत बसतात. १९५८ साली मॉस्कोच्या स्लाव्हिकविद्या परिषदेच्या निमित्ताने त्यांनी ही मांडणी आणखी आटोपशीर केली. दिशा (क्रिया वस्तूकडे वळलेली), मर्यादा आणि परिघ (वस्तू घटनेच्या मध्यभागी नाही) अशी तीन लक्षणे घ्यायची. प्रत्येक लक्षण असेल किंवा नसेल, म्हणून आठ शक्यता निघतात, आणि त्या घनाच्या आठ कोपऱ्यांवर बसतात. शाळेतल्या विभक्त्या सहाच, म्हणून आठ कोपरे भरण्यासाठी याकोबसन यांनी ‘चायू’सारखी दुसरी षष्ठी आणि ‘व लेसू’ (रानात) ही दुसरी सप्तमी वेगळी मोजली. ‘ओ लेसे’ (रानाविषयी) ही पहिली सप्तमी.

विभक्त्या नेमक्या किती, हा प्रश्न मॉस्कोत गणितज्ञांपर्यंतही पोचला. आंद्रेय कोल्मोगोरोव यांनी सुचवलेली विभक्तीची काटेकोर व्याख्या व्लादिमीर उस्पेन्स्की यांनी १९५७ मध्ये छापली. मराठीतही द्वितीया आणि चतुर्थीचे प्रत्यय सारखेच असताना त्या दोन विभक्त्या का मानायच्या, हा वाद जुना आहे. मोजणी रूपावरून करायची की अर्थावरून, हे आधी ठरवल्याशिवाय दोन्हीकडे उत्तर निघत नाही.

घनाची मांडणी देखणी आहे. पण ‘मर्यादा’ किंवा ‘परिघ’ एवढे शब्द हातात देऊन परक्या माणसाला योग्य विभक्ती निवडता येणार नाही, हा आक्षेप खरा आहे. पोलंडमध्ये जन्मलेल्या आणि ऑस्ट्रेलियात काम केलेल्या आन्ना व्येझबिट्स्का यांनी १९८० साली तो नेमकेपणाने मांडला आणि प्रत्येक विभक्तीचे अनेक, पण परस्परांशी नाते असलेले अर्थ साध्या शब्दांत लिहून दाखवण्याचा मार्ग घेतला.

तृतीयेचा प्रदेश पाहिला की हा मार्ग का हवा ते कळते. ‘पिशू करंदाशोम’ म्हणजे पेन्सिलीने लिहितो. ‘येदू पोयेज्दोम’, रेल्वेने जातो. ‘इदू लेसोम’, रानाच्या वाटेने जातो. मराठी ‘ने’ या तिन्ही ठिकाणी साथ देतो. कर्मणी प्रयोगातला कर्ताही दोन्हीकडे तृतीयेत: ‘नापीसानो ब्रातोम’, ‘भावाने लिहिलेले’. ‘कर्तृकरणयोस्तृतीया’ हे पाणिनीचे सूत्र रशियनच्या या भागालाही जसेच्या तसे लागू पडते. पुढे वाटा फुटतात. थंडीने कुडकुडणारा मराठी माणूस कारण तृतीयेत ठेवतो. रशियन त्यासाठी ‘ओत खोलोदा’ अशी षष्ठी घेते. उलट ‘नोच्यू’ (रात्री), ‘वोयेत वोल्कोम’ (लांडग्यासारखा विव्हळतो) आणि ‘बिल उचीतेलेम’ (शिक्षक होता) ही रशियन तृतीया मराठीत ‘ने’ने सांगता येत नाही. पोलिशमध्ये ‘मी शिक्षक आहे’ हे साधे वाक्यसुद्धा तृतीयेतच बोलतात. स्लोव्हेनियनमध्ये तृतीया कधी एकटी येत नाही. पेन्सिलीने लिहायचे तरी ‘सह’ अर्थाचे अव्यय शब्दाआधी लावावे लागते.

एकाच क्रियापदाबरोबर निवड असते तेव्हा विभक्तीचा अर्थ उघडा पडतो. ‘ब्रोसिल कामेन’ मध्ये दगड फेकला, लक्ष दगडाकडे. ‘ब्रोसिल काम्नेम व ओक्नो’ मध्ये दगड फेकून मारला, लक्ष खिडकीकडे. दगड साधन झाला.

भाषाशास्त्रज्ञ लॉरा जांडा यांनी १९९३ मध्ये चेक चतुर्थी आणि रशियन तृतीया यांचा अभ्यास भूगोलाच्या रूपकातून मांडला. मध्यभागी ठळक नमुना-अर्थ, त्याभोवती त्यापासून फुटलेले अर्थ. नंतर स्टीव्हन क्लॅन्सी यांच्यासह त्यांनी विद्यार्थ्यांसाठी हेच सोपे केले: चतुर्थीत घेणारा, अनुभवणारा आणि बरोबरीने झुंजणारा, षष्ठीत उगम, ध्येय, संपूर्ण आणि संदर्भ. शिकणाऱ्याला घनापेक्षा या पद्धतीचा उपयोग निश्चितच जास्त होतो.

चतुर्थी मराठी वाचकाला सर्वांत सोपी जाते. ‘म्न्ये खोलोद्नो’ (मला थंडी वाजते), ‘म्न्ये न्ये स्पीत्सा’ (मला झोप येत नाही), ‘म्न्ये द्वात्सत लेत’ (मला वीस वर्षे झाली), ‘म्न्ये झाव्त्रा रानो व्स्तावात’ (मला उद्या लवकर उठायचे आहे). अनुभव घेणाऱ्याला कर्ता न करता चतुर्थीत बसवण्याची ही रीत दोन्ही भाषांत खोल मुरलेली आहे. चेक त्याही पुढे जाते. ‘उम्र्झेल मि तातीनेक’ म्हणजे शब्दशः ‘मला बाबा वारले’. घटनेची झळ ज्याला लागली तो चतुर्थीत येतो. रशियन इथे ‘उ मेन्या’ (माझ्याकडे) अशी षष्ठी वापरते. ऐकणाऱ्यालाही चेक माणूस चतुर्थीने गोष्टीत ओढतो: ‘तो ति बिला झिमा!’, ‘काय थंडी होती म्हणून सांगू तुला!’

द्वितीयेत दोन गोष्टी नोंदवण्यासारख्या आहेत. ‘वीझू स्तोल’ (टेबल पाहतो) मध्ये रूप प्रथमेसारखे, ‘वीझू ब्राता’ (भावाला पाहतो) मध्ये षष्ठीसारखे. जुन्या काळी ध्वनिबदलांनी पुल्लिंगी प्रथमा आणि द्वितीया सारख्या झाल्या, आणि कोण कोणाला पाहतो हे कळेना, तेव्हा सजीवासाठी षष्ठीचे रूप उसने घेतले गेले. मराठी ‘टेबल पाहिले’, पण ‘भावाला पाहिले’ असाच भेद करते, साधन मात्र वेगळे. दुसरी गोष्ट गतीची. ‘व श्कोलू’ (द्वितीया) म्हणजे शाळेत जाणे, ‘व श्कोले’ (सप्तमी) म्हणजे शाळेत असणे. मराठीचे ‘शाळेत’ दोन्हीकडे चालते, म्हणून रशियन शिकताना मराठी विद्यार्थ्याचा पाय इथे हमखास घसरतो. सप्तमी पूर्वी एकटीही येई. जुन्या रशियनमध्ये ‘कियेवे’ एवढ्यानेच ‘कीव्हमध्ये’ कळे. आज ती अव्ययाशिवाय येत नाही. मेलेती स्मोत्रीत्स्की यांच्या १६१९ च्या व्याकरणात तिला दिलेले नाव बदलून रशियन विद्वान लोमोनोसोव यांनी अठराव्या शतकाच्या मध्यात ‘अव्ययाची विभक्ती’ अशा अर्थाचे आजचे नाव रूढ केले.

भाषाभाषांची तुलना करण्यासाठी आता अर्थांचे आलेख काढतात. भाषाशास्त्रज्ञ मार्टिन हास्पेलमाथ यांनी २००३ मध्ये मांडलेल्या आलेखात घेणारा, अनुभवणारा, दिशा, हेतू, झळ लागलेला मालक असे बिंदू रेषांनी जोडलेले असतात. कोणत्याही भाषेतील एका प्रत्ययाने व्यापलेले बिंदू सलग असावेत, ही त्यातील अट. मराठी ‘ला’ घेणाऱ्यापासून (भावाला दिले) दिशेपर्यंत (पुण्याला गेला) पसरतो. रशियन चतुर्थीला दिशेसाठी ‘क’ हे अव्यय जोडावे लागते.

बल्गेरियन आणि मॅसेडोनियन या भाषांत नामाच्या विभक्त्या मोडून पडल्या आहेत. सर्वनामांची काही रूपे राहिली, आणि हाक मारण्याचे रूपही: ‘माय्को!’ (आई!), ‘इवाने!’. बाकी काम शब्दपूर्वी अव्यये करतात, आणि त्यांतले ‘ना’ चतुर्थी आणि षष्ठी दोन्हींची जागा घेते: ‘क्निगाता ना ब्रात मि’ म्हणजे माझ्या भावाचे पुस्तक, आणि ‘दादोख क्निगाता ना ब्रात सि’ म्हणजे मी पुस्तक माझ्या भावाला दिले. देणे आणि असणे यांच्यामधली सीमा तिथे पुसली गेली. ग्रीक, अल्बेनियन आणि रोमेनियन या शेजारच्या बिगर-स्लाव्हिक भाषांतही षष्ठी आणि चतुर्थी अशाच एकरूप झाल्या आहेत.