इंजिनला ब्रेक असतो का?

भाच्याने गेल्या महिन्यात सेकंडहँड गाडी घेतली, पेट्रोलची, बाराशे सीसी, पाच गिअरवाली. गाडी दारात यायच्या आधीपासूनच तो गाडीवेड्या मित्रांच्या गप्पांत बसायला लागला होता आणि रोज एक नवीन शब्द घेऊन घरी यायचा. टॉर्क, टर्बो लॅग, रेव्ह-मॅचिंग, अंडरस्टीअर. परवा मात्र त्याने जे विचारलं ते मला फार आवडलं. म्हणाला, "मामा, सगळे म्हणतात घाटात इंजिन ब्रेकिंग कर. इंजिनला वेगळा ब्रेक असतो का? पेडल तर तीनच आहेत." आणि लगेच पुढे, "आणि बाबा म्हणतात उतारावर न्यूट्रल कर, पेट्रोल वाचतं. मग खरं काय?"

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी आहे, म्हणून हा लेख. बाकीचे शब्द जाता जाता येतीलच.

आधी माझाच एक प्रसंग सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरत होतो, गाडीत पाच माणसं आणि डिकी गच्च. मीही तेव्हा न्यूट्रलवालाच होतो. प्रतापगडचा फाटा मागे पडला आणि थोड्या वेळाने गाडीत वास यायला लागला, जळक्या बॅकेलाइटसारखा, जुना स्विच जळल्यावर येतो तसा. मागून आई म्हणाली कुणीतरी टायर जाळतंय वाटतं. पुढच्या वळणाला ब्रेक दाबला तर पेडल एरवीपेक्षा खूपच खाली गेलं, स्पंज दाबल्यासारखं, आणि गाडी हवी तेवढी हळू झालीच नाही. कशीबशी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली, हँडब्रेक ओढला आणि डोंगराच्या बाजूला थांबवली. पुढच्या चाकातून निळसर धूर येत होता. चुलतभाऊ बाटलीतलं पाणी ओतायला निघाला त्याला मी अडवलं, कारण तापलेल्या डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या तबकडीवर, गार पाणी पडलं की ती वाकडी होते किंवा तडकते. तासभर तिथेच बसलो. त्या तासात मनात एकच विचार होता, एवढी उष्णता आली कुठून?

हिशेब शाळेतलाच आहे, एम-जी-एच, म्हणजे वस्तुमान गुणिले गुरुत्व गुणिले उंची. माणसं-सामानासकट गाडी धरा १४०० किलो. महाबळेश्वर साधारण १३५० मीटर उंचीवर, पोलादपूर जवळजवळ समुद्रसपाटीला, म्हणजे १३०० मीटर खाली यायचं. १४०० गुणिले ९.८ गुणिले १३००, येतात पावणेदोन कोटी ज्यूल. एवढ्या उष्णतेत ५५ लिटर पाणी, म्हणजे तीन बादल्या, साध्या तापमानावरून उकळीला येईल. थोडी ऊर्जा हवेचा विरोध आणि टायर खातात हे खरं, पण घाटात वेग कमी म्हणून हवेचा वाटा छोटाच. उरलेली कुठेतरी गेलीच पाहिजे, आणि गाडी न्यूट्रलमध्ये असेल तर तिला जायला एकच जागा उरते, चार चाकांतले ब्रेक. त्यातही वजन पुढे झुकतं म्हणून बहुतेक भार पुढच्या दोन डिस्कवर, आणि त्या जेवणाच्या ताटाएवढ्या.

गाडीवाले ज्याला ब्रेक फेड म्हणतात ते हेच, पण त्याचे दोन प्रकार आहेत आणि पायाला ते वेगळे लागतात. पहिल्यात डिस्कला घासणारे पॅड तापतात, त्यातलं रेझिन जळून वायू सुटतो, घर्षण कमी होतं. पेडल घट्टच लागतं, फक्त गाडी थांबत नाही. दुसऱ्यात ब्रेक ऑइल उकळतं. हे तेल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट-४ प्रकारचं तेल नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळायला नको असा नियम आहे, पण ओल शिरलेल्या तेलासाठी तोच आकडा १५५ वर येतो. एकदा पाइपात वाफेचे बुडबुडे झाले की संपलं, कारण द्रव दाबला जात नाही पण वाफ दाबली जाते, म्हणजे तुमच्या पायाचा जोर बुडबुडे दाबण्यातच जातो. माझं पेडल खाली गेलं ते यामुळे. तेल दोन वर्षांनी बदला असं सांगतात त्यामागे हे कारण आहे, आणि आपल्या कोकणातल्या दमट हवेत तर ते टाळूच नका.

खंडाळ्याच्या घाटात जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचं देऊळ आहे, ड्रायव्हर लोक तिथे नाणं टाकून पुढे जातात. नमस्कार जरूर करा, ज्या धनगराने ती वाट दाखवली अशी कथा आहे त्याची आठवण ठेवलीच पाहिजे. पण बंपरला लिंबू-मिरची बांधलेली आणि ब्रेक ऑइल सहा वर्षांचं अशा गाड्या मी स्वतः पाहिल्यात, आणि तेलातलं पाणी कुठल्याही लिंबाने बाहेर निघत नाही.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. गाडी गिअरमध्ये आहे, क्लच सोडलेला आहे आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, तर आता इंजिन गाडीला ओढत नसून चाकं इंजिनला फिरवताहेत. मग इंजिन विरोध का करतं? बहुतेक जण सांगतात, "कॉम्प्रेशनमुळे, पिस्टनला हवा दाबावी लागते ना." ऐकायला पटतं, पण अर्धवट आहे. दाबलेली हवा स्प्रिंगसारखी असते, वर जाताना पिस्टनकडून जी ऊर्जा घेते त्यातली बरीचशी खाली येताना परत देते. जमाखर्च जवळजवळ सारखा.

पेट्रोल इंजिनात खरा विरोध येतो तो श्वास घेताना. पाय काढला की हवेच्या वाटेवरची झडप, म्हणजे थ्रॉटल, जवळपास बंद होते. एक साधी सिरिंज घ्या, सुई काढा, तोंडावर बोट ठेवा आणि दट्ट्या मागे ओढा. किती जोर लागतो बघा. चारही पिस्टन तेच करताहेत. तीन हजार आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला तीन हजार वेळा फिरत असताना, चार सिलिंडरच्या इंजिनात असे ओढण्याचे फेरे किती होतात? प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा श्वास घेतो, म्हणजे मिनिटाला १५००, चौघांचे मिळून ६०००, सेकंदाला शंभर! सेकंदाला शंभर वेळा बोट लावलेली सिरिंज.

तुम्ही म्हणाल, सिरिंजचा दट्ट्या सोडला की तोही परत येतो, मग इथे ऊर्जा परत का मिळत नाही? बरोबर आहे, आणि इथेच थोडं थांबून विचार करावा लागतो. हवा आत घेतली जाते ती मॅनिफोल्डमधून, म्हणजे थ्रॉटलच्या पुढच्या नळीतून, तिथे दाब वातावरणाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. पण बाहेर ढकलायची ती सायलेन्सरकडे, आणि तिथे वातावरणाचा पूर्ण दाब. म्हणजे इंजिन आता कमी दाबाकडून जास्त दाबाकडे हवा उपसणारा पंप झालं. विहिरीतून पाणी शेंदून वर ओतण्यासारखंच, प्रत्येक बादलीमागे काम करावंच लागतं आणि वर ओतलेलं पाणी तुम्हाला काही परत देत नाही. यात पिस्टन-रिंग, बेअरिंग, ऑइल पंप यांचं घर्षण मिळवा. ही सगळी ऊर्जा शेवटी इंजिन ऑइलात, कूलंटमध्ये आणि सायलेन्सरच्या हवेत जाते. उष्णता बाहेर टाकायला इंजिनाकडे भलामोठा रेडिएटर आहे, बिचाऱ्या ब्रेकच्या डिस्ककडे काय आहे?

किती विरोध होतो? बाराशे सीसीच्या इंजिनाचा अंदाजे वीस न्यूटन-मीटर धरू. हा झाला टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर. पंक्चर काढताना चाकाचा नट सुटत नसला की आपण पान्याला पाइप घालून दांडा लांब करतो, जोर तेवढाच पण पीळ वाढतो, तोच टॉर्क. गिअरबॉक्स म्हणजे असाच लांब-आखूड होणारा दांडा. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन साधारण आठ वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा, म्हणजे वीसचे चाकापाशी झाले १६०. चौथ्यात चारपट, म्हणजे फक्त ८०. वर चौथ्यात आरपीएमही निम्मे. म्हणून घाटात उतरताना खालचा गिअर, ज्याला डाउनशिफ्ट म्हणतात. आणि टॉर्कला फिरण्याच्या वेगाने गुणलं की पॉवर, जी जाहिरातीत बीएचपी किंवा पीएस म्हणून येते. वीस न्यूटन-मीटर तीन हजार आरपीएमला म्हणजे सहा किलोवॅटच्या थोडं वर. आता शंभर मीटरला सहा मीटर असा उतार आणि चाळीसचा वेग धरला तर ती १४०० किलोची गाडी सेकंदाला जेवढी ऊर्जा सोडते ती होते नऊ किलोवॅट, बाथरूममधले साडेचार गीझर एकदम चालू केल्यासारखं. त्यातले सहा इंजिन खातं, दोनच्या आसपास टायर. ब्रेकसाठी उरलं किती? अर्धा गीझर.

आता बाबांचं न्यूट्रल. त्यांना चूक म्हणताना जपून म्हणा, कारण ते शिकले तेव्हा ते बरोबर होतं. पद्मिनी, ॲम्बेसिडर, सुरुवातीची मारुती ८०० या कार्ब्युरेटरच्या गाड्या. त्यात पाय काढला तरी इंजिनाची ओढ पेट्रोल खेचतच राहायची, मग न्यूट्रल केलं की आरपीएम कमी आणि पेट्रोलही कमी. पण २००० सालाच्या सुमारास धुराचे नियम कडक झाले, कार्ब्युरेटर गेले आणि फ्युएल इंजेक्शन आलं. आता ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा कॉम्प्युटर, बघतो की पाय वर आहे आणि आरपीएम पुरेसे आहेत, चाकंच इंजिन फिरवताहेत, मग तो पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बंदच ठेवतो. पेट्रोल शून्य. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला आयडलिंगपुरतं जाळावंच लागतं. म्हणजे घाटात न्यूट्रल करून तुम्ही ब्रेकही जाळता आणि पेट्रोलही. (पेट्रोलच्या पाइपला चुंबक बांधून ॲव्हरेज वाढतं म्हणून जे विकतात त्यालाही भुलू नका, पेट्रोलवर तसल्या चुंबकाचा काही परिणाम होत नाही.)

आणि काही जण तर इंजिनच बंद करतात. ब्रेकला मदत करणारा बूस्टर इंजिनाच्या जिवावर चालतो, बंद केलं की दोन-तीन वेळा दाबण्यापुरती मदत शिल्लक राहते, नंतर पेडल दगडासारखं. ट्रकच्या एअर ब्रेकला लागणारी हवाही इंजिनावरचा कॉम्प्रेसरच भरतो. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा तो लांबलचक उतार आठवा. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका ट्रकने बऱ्याच गाड्या ठोकल्या होत्या. ब्रेक फेल झाला असं आपण ऐकतो आणि सोडून देतो, पण असा ब्रेक बहुतेक वेळा वरच्या पाच-सात किलोमीटरमध्ये हळूहळू मेलेला असतो.

डिझेलमध्ये एक गंमत आहे. त्यात हवेच्या वाटेवर तशी झडप नसते, म्हणून श्वासाचा विरोध कमी, आणि कॉम्प्रेशन जबरदस्त असलं तरी ते स्प्रिंगसारखं परत मिळतं. १९३१ साली डिझेल इंजिनं बनवणारे क्लेसी कमिन्स डिझेल ट्रक घेऊन अमेरिका पार करत होते, कॅलिफोर्नियातल्या काहोन खिंडीत उतरताना त्यांचे ब्रेक गेले आणि खाली रेल्वेगाडीची धडक थोडक्यात चुकली. पुण्यात कोथरूडच्या कंपनीमुळे आपल्याला हे आडनाव माहीत आहे, तेच ते कमिन्स. पुढे त्यांनी त्यावर जो उपाय काढला तो मला अजून थक्क करतो: पिस्टनने हवा पूर्ण दाबली की अगदी त्या क्षणी एक्झॉस्टची झडप उघडायची! दाबलेली स्प्रिंग परत ढकलायच्या आतच सोडून द्यायची. १९६१ पासून तो जेक ब्रेक म्हणून बाजारात आला. आपल्याकडच्या ट्रक-बसमध्ये जास्त दिसतो तो साधा एक्झॉस्ट ब्रेक, धुराची वाट अडवून इंजिनला कोंडणारा.

उरलेले शब्द पटकन. डाउनशिफ्ट करताना गाडीला हिसका बसतो कारण इंजिन हळू आणि चाकं जोरात, म्हणून क्लच सोडायच्या आधी ॲक्सिलरेटरला हलकी टिचकी देऊन आरपीएम जुळवायचे, ते रेव्ह-मॅचिंग. वळणावर पुढचे टायर घसरून गाडी सरळ जात राहिली तर अंडरस्टीअर, मागचे घसरून शेपटी बाहेर आली तर ओव्हरस्टीअर. इंजिनात जास्त हवा कोंबणारा टर्बो धुराच्या जोरावर फिरतो, धूर पुरेसा होईपर्यंत जी वाट बघावी लागते ती टर्बो लॅग. ऑटोमॅटिकमध्ये एल किंवा मॅन्युअल मोड असतो तो घाटासाठीच. इलेक्ट्रिक गाडीत मोटरच जनरेटर होते, आंबेनळीच्या त्या पावणेदोन कोटी ज्यूलचे जवळजवळ पाच युनिट होतात आणि त्यातले बरेचसे बॅटरीत परत येऊ शकतात, फक्त वरच्या हॉटेलात शंभर टक्के चार्ज करून निघू नका, भरलेल्या बॅटरीत जागाच नसते.

गेल्या रविवारी भाच्याला त्याच घाटाने उतरवला. जुने एसटीवाले सांगायचे तसं, ज्या गिअरमध्ये हा उतार चढलो असतो त्याच गिअरमध्ये, म्हणजे कधी दुसरा कधी तिसरा. एका वळणाला काटा चार हजारावर गेला तसा तो घाबरला, "मामा, इंजिन ओरडतंय!" म्हटलं ओरडू दे, रेडलाइन, म्हणजे धोक्याची लाल खूण, सहा हजाराच्या पुढे आहे, आणि त्या ओरडण्यात पेट्रोलचा एक थेंब जळत नाहीये. पोलादपूरला चहाला थांबलो तेव्हा त्याने पुढच्या चाकाच्या रिमला बोट लावून पाहिलं. कोमट होतं.