‘रस्ता बंद’ हे नकाशाला कोण सांगणार?

चालकांच्या फोनमुळे नकाशा सुधारतो, हे आता कुणाला नव्याने सांगायला नको. पण या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी दडलेल्या आहेत आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय पुढचा इतिहास नीट कळत नाही. एक, फोन डॅशबोर्डवर नुसता असतो आणि गाडीचा वेग, वळण, थांबणं आपसूक कळवत राहतो. हे नकळत दिलेलं योगदान. दुसरं, चालक गाडी बाजूला घेतो आणि मुद्दाम सांगतो की इथे रस्ता आहे, हा पूल खचलाय, इथून चारचाकी जात नाही. भारतात वाद पेटला तो या दुसऱ्या प्रकारावरून, आणि माझ्या मते त्याची किंमत आपण अजून मोजतो आहोत.

आपल्याकडे नकाशा काढणारं सरकारी खातं 1767 पासूनचं. तिथून थेट 2 मे 2000 वर आलं तरी चालेल. त्या दिवशी अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतात मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. त्याआधी शंभरेक मीटरपर्यंत इकडेतिकडे होणारं ठिकाण दहा-वीस मीटरच्या आत येऊ लागलं, म्हणजे गाडी कोणत्या रस्त्यावर आहे हे ओळखता येऊ लागलं. 2004 मध्ये इंग्लंडमधून ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनीच मिळून भरायचा मोफत नकाशा सुरू झाला. 2006 मध्ये इस्रायलमध्ये एका संगणकतज्ज्ञाने हिब्रू भाषेतला मोफत नकाशा लोकांकडून भरून घ्यायला घेतला. त्यातूनच पुढे वेझ हे चालकांना रस्ता दाखवणारं ॲप उभं राहिलं.

वेझने चालकांना कामाला लावलं ते खेळाच्या वाटेने. नवा किंवा न पडताळलेला रस्ता असला की पडद्यावर ठिपके दिसत, गाडी पुढे जाईल तसे ते गिळले जात आणि गुण मिळत. नकाशात नसलेल्या रस्त्यावर गेलात तर तो नोंदवण्यासाठी रोडरोलरचं चित्र होतं. घरी संगणकावर बसून त्या खुणांना नाव, दिशा, वळणबंदी जोडणारे संपादक वेगळे. जितकं काम जास्त तितका हुद्दा मोठा आणि तितका मोठा भाग दुरुस्त करण्याची मुभा. जून 2013 मध्ये गूगलने वेझ विकत घेतलं. किंमत सुमारे 100 कोटी डॉलर सांगितली गेली. त्यात कर्मचाऱ्यांना भरघोस वाटा मिळाला, रस्ते काढणाऱ्या स्वयंसेवकांना नाही. मोफत म्हणून सुरू झालेला नकाशा खासगी कसा झाला, हा प्रश्न पुढे इस्रायलच्या न्यायालयातही गेला.

त्याच वर्षी, गूगलच्याच दुसऱ्या नकाशावरून, भारतात मात्र पोलिसांत तक्रार झाली.

गूगल मॅप मेकर हे लोकांनी नकाशा भरण्याचं साधन 2008 चं. ते घडवलं भारतात बसलेल्या अभियंत्यांनी आणि गरजही इथलीच होती. आपल्याकडे शहराबाहेर पडलं की पडद्यावर पांढरी जागा दिसायची आणि त्यात आपला निळा ठिपका एकटाच सरकत असायचा. मॅप मेकरमध्ये त्या पांढऱ्या जागेवर स्वतः रेघ ओढता यायची. एकाने काढलेला रस्ता दुसरा तपासायचा, शंका असेल तर विचारायचा आणि मगच तो नकाशावर यायचा. 2013 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कंपनीने बक्षिसं लावून देशभर ‘मॅपेथॉन’ ही स्पर्धा घेतली. शाळा, दवाखाने, गल्ल्या, देवळं, लोकांनी हौसेने सगळं भरलं. सरकारच्या नकाशा खात्याने हरकत घेतली की परवानगी घेतलेली नाही, संरक्षणदृष्ट्या नाजूक जागाही नकाशावर आल्या आहेत आणि प्रतिबंधित प्रकारचं सर्वेक्षण करण्याचा अधिकार फक्त आमचा. प्रकरण दिल्ली पोलिसांकडे आणि 2014 मध्ये केंद्रीय तपास यंत्रणेकडे, म्हणजे सीबीआयकडे गेलं. आपण नियम मोडलेले नाहीत, असं कंपनीचं म्हणणं होतं.

इथे सगळा गुंता ‘सर्वेक्षण’ या एका शब्दाचा आहे. गावच्या एसटी थांब्यापासून आपल्या वस्तीपर्यंतचा रस्ता कुणी बोटाने काढला, तर ते सर्वेक्षण झालं का? जमिनीच्या गटाची मोजणी लागते, साखळी टाकली जाते, खुणा रोवल्या जातात, त्याला आपण मोजणी म्हणतो. रोजच्या जाण्यायेण्याचा रस्ता सांगणं म्हणजे पाहुण्याला पत्ता सांगणं. पण 2005 च्या राष्ट्रीय नकाशा धोरणात ही रेषा कुठे ओढायची याचा विचारच नव्हता. त्यात नकाशांच्या दोन मालिका होत्या, एक संरक्षणासाठी आणि एक सर्वांसाठी खुली. ‘खुली’ मालिकाही छापून देणार सरकारच. लाखो लोक आपापल्या खिशातून नकाशा भरतील, ही शक्यता धोरण लिहिणाऱ्यांच्या समोर नव्हती. छावणीची आतली रचना चव्हाट्यावर येऊ नये, हा आक्षेप रास्तच होता. त्यासाठी त्या जागा वगळण्याचा नियम पुरला असता. झालं असं की जो रस्ता दाखवतो तोच संशयित ठरला. मे 2016 मध्ये आलेल्या विधेयकाच्या मसुद्यात तर विनापरवाना भौगोलिक माहिती गोळा करण्याला सात वर्षांपर्यंत कैद आणि 100 कोटींपर्यंत दंड सुचवला होता. त्याचा कायदा झाला नाही, पण धाक बसायचा तो बसला.

मॅप मेकरचा शेवट मात्र सरकारने केला नाही. 2015 मध्ये पाकिस्तानात रावळपिंडीजवळ कुणीतरी नकाशावर एक खोडसाळ चित्र काढून ते मंजूरही करून घेतलं. काही महिने संपादन बंद राहिलं आणि 31 मार्च 2017 ला मॅप मेकर कायमचं बंद झालं. त्यातली काही कामं मुख्य नकाशात नेली गेली, पण नवा रस्ता स्वतः आखण्याची सोय तेव्हा गेली. ती परत देण्याची घोषणा झाली ती 2021 मध्ये. मला सगळ्यात जास्त खटकतं ते तपासणाऱ्यांचं विखुरणं. आपापल्या तालुक्याचे रस्ते पाठ असलेली, एकमेकांच्या चुका काढणारी माणसं जमली होती. त्यांच्या जागी ‘तुमची सूचना पडताळत आहोत’ हा संदेश आला.

याच काळात नकळत योगदान झपाट्याने वाढलं. 2012 मध्ये गूगलच्या नकाशावर मुंबई, पुण्यासह सहा शहरांत रहदारीचे हिरवे-लाल रंग दिसू लागले. डिसेंबर 2017 मध्ये दुचाकीसाठी वेगळा मार्ग आला, तोही आधी भारतात, कारण ज्या बोळातून स्कूटर सुटते तिथे मोटार अडकते हे इथेच सगळ्यात जास्त जाणवत होतं. शहरात ही पद्धत चोख चालते. नेहमी गजबजलेल्या रस्त्यावरचे फोन एकाएकी दिसेनासे झाले की तिथे काही तरी अडलंय, हे ओळखता येतं.

खेड्यात ते ओळखता येत नाही. आडरस्त्यावर रात्री आठ-दहा गाड्या जात असतील, तर गाडी न जाण्याचा अर्थ काय लावायचा? कुणी गेलं नाही, की कुणाला जाताच आलं नाही? दोन्हींची खूण एकच, शांतता. जानेवारी 2021 मध्ये पुण्याहून कळसूबाईला निघालेली एक गाडी अकोले तालुक्यात कोतूळजवळ रात्री फोनवरच्या रस्त्याने थेट पाण्यात गेली. धरणाच्या फुगवट्याखाली पूल बुडालेला होता. दोघे बाहेर आले, चालक गेला. पूल पाण्याखाली आहे हे आसपासच्या गावांत सगळ्यांना ठाऊक होतं. नोव्हेंबर 2024 मध्ये उत्तर प्रदेशात रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून गाडी कोसळून तिघे गेले. तिथेही स्थानिकांना माहीत होतं.

कोतूळनंतर साधारण महिनाभराने, 15 फेब्रुवारी 2021 ला, सरकारने नियम सैल केले. नकाशा काढायला आगाऊ परवानगी नको, फक्त नाजूक बाबी वगळायच्या. अगदी बारीक, म्हणजे एक मीटरहून अचूक माहिती गोळा करण्याची मुभा मात्र भारतीय कंपन्यांनाच. म्हणूनच 2022 मध्ये रस्त्यांची छायाचित्रं गूगलच्या नकाशात आली ती भारतीय कंपन्यांनी टिपलेली. पहिल्या दहा शहरांत मुंबई, पुणे, नाशिक आणि तेव्हाचं अहमदनगर होतं. 2024 मध्ये पुढे उड्डाणपूल आहे हे आधी सांगण्याची सोय 40 शहरांत आली. वरचा रस्ता आणि खालचा रस्ता जीपीएसला एकच दिसतो. जुलै 2025 मध्ये बेलापूरला खाडीपुलावर जाण्याऐवजी एक गाडी पुलाखालच्या रस्त्याने जाऊन खाडीत पडली, चालक महिलेला वाचवलं.

आमच्याकडे गावाआधी एक फरशी पूल आहे. जुलैत दोन-चार वेळा त्यावरून पाणी जातं, कधी तासाभरात ओसरतं, कधी दोन दिवस लागतात. मागच्या पावसात मी कठड्याचे बुडालेले दगड दिसतील असा फोटो काढून ‘रस्ता बंद’ची सूचना पाठवली. तीन दिवसांनी ती मंजूर झाली. तोवर पाणी उतरलं होतं, एसटी सुरू झाली होती आणि नकाशा सगळ्यांना अठरा किलोमीटरचा वळसा सांगत होता. मग मी ‘रस्ता खुला आहे’ अशी दुसरी सूचना पाठवली. त्या तीन दिवसांत पुलाच्या अलीकडे टपरीवाल्याने वाटेवर आडवी टाकलेली बाभळीची फांदी पाहून गाड्या मागे वळत होत्या. पाणी उतरल्यावर त्यानेच ती ओढून बाजूला केली.