ड्रोन उडवायचाय? सर्टिफिकेट, नंबर आणि झोन, तिन्ही वेगळं असतं बरं का

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. कोर्स केला, सर्टिफिकेट हातात आलं की लोकांना वाटतं आता कुठेही उडवा. तसं नाहीये. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे पायलटचं सर्टिफिकेट वेगळं, ड्रोनचा नंबर वेगळा आणि ज्या आकाशात उडवणार त्याची परवानगी वेगळी.

आधी पायलटचं बघू. वय १८ ते ६५, दहावी पास, आणि डीजीसीएने (नागरी विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारी केंद्राची संस्था) मान्यता दिलेल्या संस्थेत ट्रेनिंग घेऊन टेस्ट पास. कागदपत्रं म्हणजे दहावीचं मार्कशीट, ओळखीचा आणि पत्त्याचा सरकारी पुरावा. पासपोर्टची सक्ती सप्टेंबर २०२३ मध्ये काढली, मतदान कार्ड, रेशन कार्ड किंवा ड्रायव्हिंग लायसन्स चालतं, त्यामुळे गावाकडच्या पोरांचा मोठा अडसर गेला, खरंच चांगलं झालं. सरकारी फी १०० रुपये, सर्टिफिकेट १० वर्षं चालतं, मोठा खर्च होतो तो ट्रेनिंगच्या फीचा, म्हणून पैसे भरायच्या आधी संस्था डीजीसीएच्या यादीत आहे का ते स्वतः बघा. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनोला हे सर्टिफिकेट लागत नाही, २ किलोपर्यंतच्या मायक्रोलाही नाही, पण फक्त हौसेसाठी उडवत असाल तर. लग्नाचं शूटिंग पैसे घेऊन करताय म्हणजे मायक्रोलाही लागणारच.

मग ड्रोनचा नंबर, म्हणजे यूआयएन. फॉर्म डी-२ ऑनलाइन भरायचा, फी १०० रुपये. हा नंबर ड्रोनच्या सिरीयल नंबरला, आतल्या फ्लाइट कंट्रोलरला (उड्डाण सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक भाग) आणि तुमच्या हातातल्या रिमोटला, तिघांनाही जोडलेला असतो. फवारणीचा ड्रोन शेतात आपटला, मेकॅनिकने फ्लाइट कंट्रोलर बदलून दिला आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी लगेच उडवला, तर रेकॉर्डशी तो ड्रोन जुळतच नाही, म्हणून नव्या कंट्रोलरचा सिरीयल नंबर आधी सरकारी ड्रोन पोर्टलवर टाका. नॅनो सोडून बाकीच्यांना थर्ड पार्टी इन्शुरन्सही घ्यायचाय.

आता झोन, ज्याच्याकडे कुणी बघतच नाही. सरकारने ऑनलाइन मॅपवर आकाशाचे ग्रीन, यलो आणि रेड असे भाग पाडलेत. ग्रीन झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी नको. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मोकळीक फक्त २०० फुटांपर्यंत. यलोमध्ये एअर ट्रॅफिक कंट्रोलची परवानगी, रेडमध्ये थेट केंद्र सरकारची. ओझरच्या आसपास द्राक्षबागा आहेत आणि तिथेच विमानतळही आहे. तिकडचा एखादा बागायतदार म्हणेल, माझा ड्रोन तर वेलीच्या दोन-तीन मीटर वरून जातो, त्याला कसली परवानगी? पण अंतर मोजतात ते विमानतळाच्या हद्दीपासून, तेव्हा बाग ८ किलोमीटरच्या आत येत असेल तर ड्रोन कितीही खालून जावो, आधी मॅपवर झोन बघायचा आणि परवानगी घ्यायची.

आणि वर विमान किंवा हेलिकॉप्टर दिसलं की वाट त्याचीच, बाजूला व्हायचं ते ड्रोननेच, हे नियमात स्पष्ट लिहिलंय. एअर ॲम्ब्युलन्स येते, निवडणुकीत शाळेच्या मैदानात हेलिकॉप्टर उतरतं, अशा वेळी पोलीस तात्पुरता रेड झोनही लावू शकतात. काल ग्रीन दिसलेली जागा आज रेड असू शकते, म्हणून मॅप ड्रोन उडवायच्या दिवशी, त्याच सकाळी बघा. आणि अपघात झालाच तर लपवू नका, ४८ तासांच्या आत ऑनलाइन कळवायचं असतं.