कायद्याच्या लेखी शेतकरी कोण?

महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायची तर आधी आपण शेतकरी आहोत हे दाखवावे लागते. त्यासाठी लागतो सातबारा. जन्मभर दुसऱ्याच्या रानात राबलेल्या भूमिहीन मजुराकडे तो नसतो. मुंबईत नोकरी करणाऱ्या खातेदाराकडे असतो. हे असे का, ते समजायला दीडेकशे वर्षे मागे जावे लागते.

१८७५ च्या मे महिन्यात सुपे गावात लोक सावकारांवर उठले, कर्जखते जाळली गेली, आणि दंग्यांचे लोण पुणे-नगर भागात पसरले. त्यातून १८७९ चा डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला. सुरुवातीला तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले. कर्जखतावरचा आकडा बाजूला ठेवून मूळ व्यवहार तपासायचा अधिकार कोर्टाला मिळाला. साहजिकच ऋणको 'शेतकरी' आहे की नाही, हाच कळीचा मुद्दा झाला. व्याख्या ऐसपैस होती: स्वतः, नोकरांकरवी किंवा कुळांकरवी (खंड देऊन दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांकरवी) केलेल्या शेतीवर ज्याचे पोट मुख्यतः चालते तो शेतकरी, आणि जो एरवी स्वतः शेतात अंगमेहनत करतो तोही. खंड खाणारा मालक आणि राबणारा गडी, दोघांनाही आत जागा होती.

१९४८ च्या मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायद्याला सावकार नव्हे, जमीनदार आवरायचा होता. म्हणून शेतकरी म्हणजे जमीन 'जातीने', म्हणजे स्वतः, कसणारा असे ठरले. मजूर लावले तरी चालेल, पण मजुरी रोख किंवा वस्तुरूपात हवी, पिकाच्या वाट्याने नको. कुळांकरवी शेती करणारा मालक व्याख्येबाहेर गेला. (विधवा, अल्पवयीन मुले, अपंग आणि सैन्यातले जवान यांना सवलत होती.) १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन धरून कुळे मालक मानली गेली. याच कायद्याच्या कलम ६३ ने बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकण्यावर बंदी घातली. ती जमीन कसणाऱ्याच्या हाती राहावी म्हणून होती. भूमिहीनाची वाट मात्र तिनेच अडवली. आणि 'कूळ लागेल', म्हणजे कसणारा कूळ म्हणून जमिनीवर हक्क सांगेल, या धास्तीने मालक आजही जमीन तोंडी बोलीवर देतात, त्यामुळे बटईदाराचे, म्हणजे पिकाच्या वाट्यावर जमीन कसणाऱ्याचे, नाव कुठल्याच कागदावर चढत नाही.

आयकराचा हिशेब वेगळाच. १९६१ च्या कायद्याने सूट दिली ती शेतीच्या उत्पन्नाला, माणसाला नव्हे. शेतजमिनीचा खंडही त्यात धरला. कूळकायद्याने ज्या मालकाला बाहेर काढले, त्याला इथे करमाफी!

२००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणाने मजूर, कूळ, बटईदार, मच्छीमार, मधपाळ, मेंढपाळ अशा सगळ्यांना शेतकरी म्हटले. पण धोरण म्हणजे कायदा नव्हे. २०१९ मध्ये आलेल्या पीएम-किसान योजनेने वर्षाला ६,००० रुपये देताना पुन्हा जमिनीच्या नोंदीच पाहिल्या. बटईदार वगळला गेला.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाने २०१४ च्या अहवालापासून शेतकरी आणि शेतमजूर यांच्या आत्महत्या वेगळ्या मोजायला सुरुवात केली. त्या अहवालात दुसऱ्याची जमीन खंडाने कसणाराही 'शेतकरी' याच रकान्यात येतो.